फेल गेलेला बोअर

गावच्या शाळेत माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण आता बदनापूरला शिक्षिका आहे. आमचं गाव एकच, वाटूरच्या पुढं. माझं माहेर उंचावर, आणि तिचं माहेर उताराला, नाल्याच्या कडेच्या बौद्ध वस्तीत. लग्नानंतर ती बदनापूरला गेली, मी जालन्याला मस्तगडात राहायला आले आणि पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. आमची भेट कुणाच्या तरी लग्नात व्हायची, तेवढीच. त्यामुळं मागच्या वर्षी पावसाळा सरता सरता तिचा फोन आला तेव्हा मला आधी वाटलं, हिच्या मुलीचं लग्न ठरलं असेल.

"तू अजून त्या पाण्याच्या लॅबमध्येच आहे ना?" तिनं विचारलं.

"आहे की."

"मंग आपल्या गावात ये एकदा. वस्तीत घरोघरी कावीळ लागलीय. आमच्या आबाला झाली. भावजयीला जालन्याला अ‍ॅडमिट केल्तं, तिला दिवस गेल्ते."

"आता कशी आहे ती?"

"ती वाचली," ती म्हणाली. मग म्हणाली, "बाळ न्हाई राह्यलं."

मी तिचं सांत्वन करायला काहीतरी बोलू लागले, पण तिला ते नको होतं. ती म्हणाली, "ते राहू दे. हापशाचं पाणी वास मारून राह्यलंय म्हणतेत बाया. तू येऊन बराबर बघ." हातपंपाला आमच्याकडं हापसा म्हणतात. त्या वस्तीचा प्यायच्या पाण्याचा तेवढाच आधार होता.

मी साहेबांना सांगितलं. माहेरच्या गावाला जायचं म्हणून मला मनातून बरंही वाटलं, हे खरं आहे. दादाकडं जेवण होईल, आईची भेट होईल असा विचार करतच मी जीपमध्ये बर्फाची पेटी ठेवली.

वस्तीत पोचले तर हापशाजवळ बायका आधीच जमल्या होत्या. मी त्यांना सांगितलं की नमुना घ्यायच्या आधी हापसा बराच वेळ हापसावा लागेल, कारण नळीत रात्रभर साचलेलं पाणी आपल्याला नकोय, जमिनीतलं पाहिजे. दोघींनी पाळीपाळीनं दांडा मारला. पाणी बादलीत धरून मी त्यात क्षार मोजायच्या मीटरची कांडी बुडवत होते. आकडा हलायचा थांबला तेव्हा मी त्यांना थांबवलं. मग स्पिरिटचा बोळा पेटवून हापशाचं तोंड चांगलं भाजून घेतलं.

"ताई, हापशाला चटके देऊन राह्यल्या का?" एकजण म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

"त्याच्या तोंडाला लागलेली घाण बाटलीत यायला नको म्हणून," मी सांगितलं. "नाहीतर घाण तोंडाची आणि बदनाम पाणी व्हायचं."

जंतूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक केलेली असते. तिचं झाकण खाली ठेवायचं नाही, आत बोट लावायचं नाही, ती विसळायची नाही, आणि वर थोडी जागा रिकामी ठेवायची. हे सगळं इतक्या वर्षांत हाताला पाठ झालंय. दुसऱ्या बाटलीत, नायट्रेटसाठी, अ‍ॅसिडचे थेंब टाकावे लागतात. त्या वेळी मी हातमोजे आणि चष्मा घालते आणि सगळ्यांना लांब उभं करते. आधी पाणी, मग अ‍ॅसिड. ते एकदा माझ्या सहकाऱ्याच्या डोळ्यात उडालं होतं, तेव्हापासून घाईत असले तरी चष्मा विसरत नाही.

बाटल्या बर्फात ठेवत होते तेव्हा मैत्रिणीचे वडील काठी टेकत आले. डोळे अजून पिवळे होते. शाळेच्या दिवसांत मी त्यांना पुष्कळदा पाहिलं होतं, पण त्यांच्या घरात कधी गेले नव्हते.

"वरच्या घरची लेक ना तू?"

"हो आबा."

"चहा चालंल ना?"

ह्या प्रश्नात काय आहे ते त्यांना माहीत होतं आणि मलाही. जालन्यात कुणी मला असं विचारत नाही, आणि त्यांनीही दुसऱ्या कुठल्या साहेबाला असं विचारलं नसतं. मी वरच्या घरची होते म्हणून विचारलं. "चालेल की," मी म्हणाले, आणि माझा आवाज नको तेवढा मोठा निघाला. चहा त्यांच्या सुनेनं आणला. तीच ती, बाळ गेलेली. कपाळावर पदर ओढलेला, चेहरा वाळलेला. कप माझ्या हातात न देता तिनं खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवला.  मी चहा शेवटपर्यंत प्याले.

नमुना घेतला की काम संपत नाही. आजूबाजूला हिंडून बघावं लागतं, कुठं उकिरडा आहे, कुठं संडासाचा खड्डा आहे, सांडपाणी कुठून वाहतंय. वस्तीतले संडास हापशाच्या खालच्या अंगाला होते आणि खड्डे नीट बांधलेले होते. नाला तर त्याहून खाली. घाण वरच्या बाजूनं येत असणार, असं मनात धरून मी चढावरून चालत गेले. वाटेत उकिरडा नव्हता, गटार नव्हतं. नुसतं गवत आणि मुरूम. चढ संपला तिथं आमच्या घराची मागची भिंत होती. तरीसुद्धा माझ्या डोक्यात काही आलं नाही. मला वाटलं, एखादा जुना खड्डा असेल, विचारू. आणि मी दादाकडं जेवायला गेले.

दादा माझ्याहून बराच मोठा. वडील लवकर गेले, त्यामुळं मला शिकवलं त्यानं. परीक्षेला परतूरला सायकलवर बसवून न्यायचा आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर झाडाखाली बसून राहायचा. त्याची मोसंबीची बाग आहे, थोडी कपाशी आहे. माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी आले की त्याला काय करू आणि काय नको होतं.

वहिनीनं ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. आई उंबऱ्याजवळ बसली होती.

"काय निघालं मंग पाण्यात?" दादानं विचारलं.

"आज कळत नाही. लॅबमध्ये ठेवावं लागतं." आणि जे मी प्रत्येक गावात प्रत्येक घरी विचारते तेच त्यालाही विचारलं. "दादा, आपल्या संडासाची टाकी कुठल्या बाजूला आहे?"

"टाकी केलीच न्हाई," दादा खुशीत म्हणाला. "आपला गोठ्यामागचा बोअर फेल गेल्ता न, कोरडाच लागल्ता? त्याच्यातच पाईप सोडला. गोठ्याचं बी त्याच्यातच. उपसायची कटकट न्हाई, वास न्हाई. कितीबी पाव्हणे येऊ दे, बराबर खाली जातंय."

मी घास चावत राहिले.

"तुझ्यासाठीच केल्तं बाई," तो म्हणाला. "तू म्हणली न्हवती का, लेकरं अंधारात बाहेर जायला भेतेत म्हणून? म्हणलं पुढच्या दिवाळीच्या आत घरातच संडास पाहिजे."

त्या दिवाळीला मी पोरांना घेऊन आठवडाभर राहिले होते. दादानं टाइल्स बसवल्यात, गरम पाणी आहे, किती सोय केलीय, असं शेजारणीला कौतुकानं सांगितलंही होतं.

आमच्याकडं वर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याच्याखाली काळा पाषाण. घाण मातीतून मुरत गेली तर माती ती बरीचशी गाळून घेते. पण बोअर मातीला वळसा घालून थेट पाषाणात जातो, आणि पाषाण अखंड नसतो, त्याला भेगा असतात. त्या भेगांमधूनच तर पाणी वाहतं. बोअर कोरडा लागला म्हणजे त्याला खाली वाटच नाही असं होत नाही. दादा म्हणत होता ना, बराबर खाली जातंय. खाली म्हणजे कुठं, हे त्याला माहीत नव्हतं. मला उतार दिसत होता.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण वहिनीनं आणखी अर्धी भाकर वाढली आणि मी तीही खाल्ली. ताट स्वच्छ केलं. हात धुताना मला स्वतःचीच किळस आली.

मग मी गोठ्यामागं गेले. दादानं काम नीटनेटकं केलं होतं. बोअरच्या तोंडात पाईप, भोवती सिमेंट, वर फरशी, आणि फरशीवर वहिनीची जास्वंदीची कुंडी.

"दादा, हे बंद करावं लागेल," मी म्हणाले. "हे सगळं वस्तीच्या हापशात जात असणार."

"काही बी काय? वस्ती कुठं, आपण कुठं."

मी त्याला समजावून सांगितलं, भेगा, उतार, सगळं. तो ऐकत होता. त्याला ते कळलं हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, कारण तो माझ्याकडं बघायचा थांबला.

"त्या हापशाचं पाणी पहिल्यापासूनच खराब आहे," तो म्हणाला.

"असेल. तपासल्यावर कळेल."

त्यानं जीपमधल्या पेटीकडं बघितलं. "तुझ्याकडं आणखी बाटल्या असतेल ना? आपल्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी भरून घे की. पाणी ते पाणीच."

हे तो सहज बोलला, आणखी थोडी चटणी घे म्हणावं तसं. माझा दादा, ज्यानं उभ्या जन्मात कुणाचं धान्य मोजताना माप मारलं नाही, तो मला असं म्हणाला. मी त्याच्या तोंडाकडं बघू शकले नाही. "न्हाई जमणार, दादा," एवढंच म्हणाले. लहानपणीची भाषा तोंडातून आली.

परत जाताना मी जीप वस्तीवर थांबवली आणि बायकांना सांगितलं की तपासणी होईपर्यंत हापशाचं पाणी पिऊ नका, अगदीच वेळ आली तर चांगलं उकळी फुटेपर्यंत उकळून प्या.

"मंग प्यायचं कुठलं?" जिनं सकाळी चटक्यांची चेष्टा केली होती तिनं विचारलं.

 जवळात जवळ चांगलं पाणी आमच्या मळ्यातल्या विहिरीचं होतं. मी ग्रामसेवकाला फोन लावला आणि टँकर मिळेपर्यंत त्याचा पिच्छा सोडला नाही. दादाच्या बोअरबद्दल मात्र तिथं काही बोलले नाही. सिद्ध झालेलं नव्हतं, हे खरं. पण सिद्ध झालेलं नाही ह्याचा मला त्या वेळी आधार वाटला, हेही खरंच.

जंतू निघाले. संडासातले असतात तेच. नायट्रेटही फार वाढलेलं होतं. मी साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "सर, वरच्या अंगाला एक फेल बोअर आहे, त्यात संडास सोडलाय. तो माझ्या सख्ख्या भावाचा आहे. पुढचं काम दुसऱ्या कुणाकडं द्या."

साहेबांनी वर बघितलं. "तुम्ही वापरलाय तो संडास?" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, त्यांना माहिती हवी होती. पण शेजारच्या टेबलावरची माणसं ऐकत होती.

"हो सर," मी म्हणाले.

माझा एक सहकारी दोघांना बरोबर घेऊन तपासणीला गेला. हापसा पिण्यासाठी बंद केला, तोंडाला लाल रंग लावला. मग मिठाचं दाट पाणी करून ते दादाच्या बोअरमध्ये ओतलं आणि हापशाचं पाणी रोज मीटरनं तपासलं. काही दिवसांनी आकडा चढला. खारटपणा वरून खाली पोचला होता. आता नाही म्हणायला कुणाला जागा उरली नाही.

मी तिथं नव्हते, पण सहकाऱ्यानं सगळं सांगितलं. सारं गाव बघायला आलं होतं. दादा दारात उभा होता. त्यानं आमच्या ह्या लोकांना पाणी विचारलं, तांब्या भरून आणला, आणि त्यांनी आपापल्या पिशवीतल्या बाटल्या काढल्या. "तुम्हाला वाईट वाटेल मॅडम, पण मन होईना," सहकारी म्हणाला. मी त्याला म्हणाले, बरोबर केलंत. पुढं ग्रामसभेत दादाला उभं केलं तेव्हा तो बोलायला गोंधळला आणि म्हणाला, "बहिणीसाठी केल्तं. तिची लेकरं येतेत शहरातून." तेव्हापासून गावात त्या बोअरला माझंच नाव लागलं. त्यात खोटं काही नव्हतं.

ग्रामसभेच्याच संध्याकाळी दादाचा फोन आला. "तुला माहेर नको होतं का?" त्यानं विचारलं. मी काही म्हणायच्या आत त्यानं फोन आईकडं दिला.

"ते पाणी लोकांनी पेल्तं का गं?" आईनं विचारलं.

"हो माय. वर्षभर."

 आई हळू आवाजात म्हणाली, "आपण त्यांना विहिरीवर येऊ देत न्हवतो. पोहऱ्याला हात लागू देत न्हवतो. आन् त्यांच्या पाण्यात आपण..."  मी माझ्या आयुष्यात आईच्या तोंडून ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली. घरात ती कधी कुणी बोललं नव्हतं.

दादाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही, एवढं त्याच्या बाजूनं सांगते. आमच्या लोकांनी दाखवलं तसा पाईप काढला, बोअर खालपासून वरपर्यंत बुजवून सिमेंटनं बंद केला, टाकी आणि शोषखड्डा बांधला. कुंडी उचलून गोठ्याच्या पलीकडं ठेवली. त्यानंतर त्यानं एक गोष्ट केली, मला न विचारता. पाण्याचे मोठे जार विकत आणले आणि ट्रॅक्टरवर घालून वस्तीत पाठवले.

जार परत आले. कुणी फेकले नाहीत, कुणी बोललं नाही. सगळे जार तसेच्या तसे, बूच न उघडता, आमच्या फाटकाशी ओळीनं ठेवलेले वहिनीला सकाळी दिसले.

मैत्रिणीचा फोन मला दुपारी आला. "तुझ्या दादाला सांग, मारामारी करायची न्हाई कुणाला," ती म्हणाली. "पण तुमच्या घरचं पाणी आम्हाला नको. द्यायचं ते पंचायतीनं द्यावं. आमचा हक्क आहे तो."

"सांगते," मी म्हणाले. मग म्हणाले, "मी माफी मागायला येणार होते."

"तू कशाची माफी मागून राह्यली? तुला माहीत होतं का?"

"नव्हतं."

"मंग?"

 ते सांगायचं सोडून मी विचारलं, बाळ त्या पाण्यामुळंच गेलं असं डॉक्टर म्हणाले का. ती म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, असू बी शकतं, नसू बी शकतं. आम्हाला काय करायचं त्याचं?" आणि मला समजलं की मी हा प्रश्न तिच्यासाठी विचारला नव्हता. नसू शकतं हे शब्द मला कानांनी ऐकायचे होते.

राखीला मी गेले. जावं की नाही हे ठरवता ठरत नव्हतं, पण गेले. दादानं हात पुढं केला, मी राखी बांधली, वहिनीनं ओवाळणीचं ताट धरलं. आम्ही मोसंबीच्या बहराविषयी बोललो. दादाचे केस एका वर्षात पार पांढरे झालेत. निघताना तो फाटकापर्यंत आला आणि म्हणाला, "वस्तीत जाऊन येणार का?" मी विचारलं, "तू येतोस का?" त्यानं चप्पल घातली, चार पावलं चाललाही, आणि मग थांबला. "तू जाऊन ये," म्हणाला. मीही त्या दिवशी गेले नाही. आम्ही दोघं फाटकाशी उभे राहून उताराकडं बघत राहिलो, आणि मग मी वाटूरच्या गाडीला आले.

वस्तीत नवीन नळ आला तो त्यानंतर, तोवर टँकरवरच भागलं. पंचायतीनं पलीकडच्या अंगाला बोअर घेतला, टाकी बांधली. पहिला नमुना घ्यायला कोण जाणार असा विषय निघाला तेव्हा साहेब म्हणाले, आता तुमच्या भावाचा काही संबंध राहिला नाही, तुम्ही जा. मी नाही म्हणाले नाही.

नळाशी मैत्रिणीची भावजय एकटीच उभी होती, हंडा घेऊन. बाकीच्या बाया सोयाबीन काढायला गेल्या होत्या. मी नळ सोडून पाणी वाहू दिलं. मी न सांगताच तिनं स्पिरिटचा बोळा माझ्यापुढं धरला. मी बाटली भरली, झाकण लावलं, बर्फात ठेवली. तोवर तिनं हंडा भरून घेतला होता.

"चांगलं आहे का?" तिनं विचारलं. एवढ्या दिवसांत ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली.

"दिसायला चांगलं आहे. पण जंतू डोळ्यांना दिसत नाहीत."

"तुम्ही पिता का थोडं?"

तिनं ओंजळीनं पाणी पुढं केलं नाही की काही नाही, नुसतं विचारलं. मला वाटलं प्यावं. तिच्यासमोर उभं राहून घटाघटा प्यावं, म्हणजे निदान एवढं तरी होईल. पण तपासल्याशिवाय पाणी पिऊ नये, हे मी गावोगाव सांगत फिरते. ते तिच्यापुढं मोडलं असतं तर माझं मन हलकं झालं असतं आणि तिला चुकीचं कळलं असतं.

"रिपोर्ट आल्याशिवाय नाही पिणार," मी म्हणाले. "तुम्हीही पिऊ नका."

"किती दिवस?"

"परवा फोन करते. मी स्वतः करते."

तिनं थोडा विचार केला. "मंग मी बी थांबते," ती म्हणाली. भरलेला हंडा तिनं ओट्याखाली कलंडला आणि पाणी नाल्याच्या दिशेनं वाहू दिलं. मी माझा नंबर सांगितला. तिनं तो मोबाइलमध्ये टाकला आणि नाव काय लिहू म्हणून विचारलं. मी सांगायच्या आतच तिनं काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. पेटी उचलून जीपमध्ये ठेवली, आणि बर्फ वितळायच्या आत जालन्याला पोचायचं म्हणून मी लगेच निघाले.